चुलवाण पेटलेलं असताना

जमिनीच्या चिठ्ठ्या निघेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. सांगवीचं बागायत थोरल्या कुंडलिकला आणि डाळजची काळी जमीन धाकट्या मानसिंगला हे आधीच ठरलेलं होतं, चिठ्ठ्या नुसत्या रीत म्हणून टाकल्या. बैल वाटले, भांडी वाटली. वारलेल्या बापाच्या, रावजींच्या फेट्यापाशी आल्यावर मात्र दोघा भावांचे डोळे भरून आले आणि फेटा देव्हाऱ्यातच ठेवायचा ठरला. पंचक्रोशीत इतकी गोडीगुलाबीची वाटणी कुणाच्या घरी झाली नव्हती. रावजींचे पाठचे भाऊ अप्पा वाटणी करायला म्हणून ओसरीवर मधोमध बसले होते, ते या गोष्टीचं सगळं श्रेय मनातल्या मनात स्वतःकडे घेत होते.

मग अप्पांनी चिठ्ठ्यांचा तांब्या पुन्हा पुढं ओढला, त्यात दोन नव्या चिठ्ठ्या टाकल्या आणि घसा खाकरला.

"आता वैनीची पाळी लावून घिऊ. सहा म्हैने हिकडं, सहा म्हैने तिकडं. आदुगर कुणाकडं, तेवढं चिठ्ठीनं ठरवू."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कालव्याच्या मुलखात सगळंच पाळीनं चालायचं. पाटाचं पाणी पाळीनं, देवळातला दिवा पाळीनं, आणि घर फुटलं की म्हातारी माणसंही पाळीनं. रावजींच्या आईची पाळी याच ओसरीवर, याच अप्पांच्या साक्षीनं लागली होती.

ही वैनी म्हणजे कुंडलिक-मानसिंगची आई द्वारकाबाई. ती उंबऱ्याच्या आत बसून सूप पाखडत होती. साठीच्या पुढं पाच-सहा वर्षं गेलेली, पण पाठ अजून सरळ आणि कान त्याहून तिखट. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि ती पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिली. तिनं अप्पांच्या पुढ्यातला तांब्या उचलला, उलटा करून चिठ्ठ्या अंगणात टाकल्या, रांजणातल्या पाण्यानं तो विसळला, भरला आणि अप्पांच्या हातात दिला.

"प्या भावजी," ती म्हणाली. "तांब्या पाणी प्यायला असतोय."

अप्पांना तहान लागली नव्हती, पण ते प्यायले. चारचौघांत भावजयीनं हातात दिलेलं पाणी नाकारता येत नाही.

"मी काय पाटाचं पाणी हाय का रं, पाळीनं सोडायला?" तिनं लेकांना विचारलं. आवाज चढवलेला नव्हता. चढवला असता तर कुंडलिकला बरं वाटलं असतं, आवाजाला आवाजानं उत्तर देता येतं.

आता कुणी म्हणेल, सुना वाईट असतील. तसं काही नव्हतं, आणि तीच खरी अडचण होती. कुंडलिकची बायको कौसल्या म्हणजे गावानं नावाजलेली सून. सासूनं कळशी उचलली की ती धावत येऊन हातातनं काढून घ्यायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, आत्याबाई." जात्याला हात लावला की ऱ्हाऊ द्या. चुलीपाशी बसली की ऱ्हाऊ द्या. रावजी गेल्यापासूनच्या तीन वर्षांत द्वारकाबाईनं 'ऱ्हाऊ द्या' इतक्या वेळा ऐकलं होतं की आपण आता नुसतं राहूनच द्यायचं आहे, असं तिला वाटू लागलं होतं. गाऱ्हाणं करावं तर करायला जागा नाही. सुखानं माणूस गंजतो हे सांगितलं तर लोक हसतात.

तिला काय हवं होतं, ते तिनं त्याच बैठकीत सांगून टाकलं. तिला मळ्यातलं गुऱ्हाळ हवं होतं.

मळ्यातलं ते गुऱ्हाळ म्हणजे दगडमातीच्या भिंतींची आणि वर पाचटाची लांबलचक पडवी. पुढं उघड्यावर उसाचा रस काढायचा लोखंडी चरक. आत रस आटवायची भली थोरली काहील, आणि तिच्याखाली जमिनीत खोदलेलं चुलवाण. मागच्या बाजूला गुळाच्या ढेपा ठेवायच्या चार खोल्या. चाळीस हिवाळे द्वारकाबाईनं तिथं काढले होते. रावजींच्या गुळाला बारामतीच्या पेठेत नाव होतं, पण रस आटून गूळ झाला की नाही हे पाण्यात गोळी करून ठरवायचं काम द्वारकाबाईचं होतं, हे पेठेला माहीत नसलं तरी रावजींना माहीत होतं. मग सहकारी कारखाना निघाला. कुंडलिक सभासद झाला, ऊस मोटारीत बसून जाऊ लागला आणि दोन हंगाम चुलवाण थंड पडलं.

"भामाबाई येणार हाय माझ्यासंगं," ती म्हणाली. "आन झुंबर तर तितंच हाय. एकेकाला एकेक खोली. ज्याची त्याची चूल, ज्याची त्याची कडी."

भामाबाई म्हणजे शेजारच्या आळीतली, पोरबाळ नसलेली विधवा, पुतण्याच्या पडवीत दिवस काढणारी. झुंबर गुळव्या. उभा जन्म त्या चुलवाणापुढं गेलेला, मागंपुढं कुणी नाही, आता डोळ्यांना कमी दिसायचं. या दोघांशी तिचं बोलणं कधीच होऊन गेलं होतं. बैठकीला विचारायचं राहिलं होतं एवढंच.

कुंडलिकचा चेहरा पडला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. खांद्याला खांदा लावून उभा राहणारा, गावच्या भल्याला पहिला, आणि औंदा कारखान्याच्या संचालकांत बसायची त्याची इच्छा होती. अशा माणसाला आपल्या दारातून आई उठून गेलेली कशी चालेल?

"लोक माझ्या तोंडात शेण घालतील आई," तो म्हणाला. "कुंडलिकनं आईला गुऱ्हाळात टाकली म्हंतील."

तेवढ्यात मानसिंगला संधी दिसली. लहानपणापासून आईचा लाडका थोरला की धाकटा, हा खटला दोघांच्या मनात चालूच होता. तो म्हणाला, आई कायमची डाळजला येऊ दे, पाळीबिळी काही नको. लगेच कुंडलिक म्हणाला, थोरला मी, आई माझ्याकडं. घटकाभरापूर्वी जी कुणाच्या वाट्याला आधी जावी हे चिठ्ठीनं ठरणार होतं, तिच्यासाठी आता ओढाओढ सुरू झाली. द्वारकाबाई दोघांकडे बघत होती. दोघांचाही तिला अभिमान होता आणि दोघांनाही एकेक चापट मारावी असं वाटत होतं.

शेवटी अप्पांनी मधला मार्ग काढला. बारामतीत एका शेठजींनी म्हाताऱ्या माणसांसाठी धर्मशाळेला लागून आश्रमासारखं काहीतरी बांधलं होतं. पक्की इमारत, शेजारी देऊळ, दोन वेळचं जेवण. तिथं राहिली तर लोकही नावं ठेवणार नाहीत, देवाच्या पायाशी गेली म्हणतील. दोघा भावांना ते पटलं, कारण एकाला मिळत नाही ती दुसऱ्यालाही मिळणार नव्हती.

"बगून येते," द्वारकाबाई म्हणाली. "दात बगितल्याबिगर आपण बैलबी घेत न्हाय."

बाजारच्या दिवशी गाडी जुंपली. द्वारकाबाई, भामाबाई आणि सासूवर लक्ष ठेवायला म्हणून कौसल्या. धर्मशाळेचा कारभारी सज्जन माणूस होता. त्यानं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि सगळं फिरून दाखवलं. फरशी इतकी लख्ख की भामाबाई चवड्यांवर चालत होती. एका लांब खोलीत दहा बाजा, एका रांगेत, प्रत्येकीवर सारखंच घोंगडं. बाजांवर दहा म्हाताऱ्या बसलेल्या आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे.

द्वारकाबाईनं विचारायला सुरुवात केली. चूल कुठं मांडायची? चूल मांडायची नाही आजी, धूर होतो, जेवण घंटेवर मिळतं. दार कधी लावता? दिवेलागणीला. कडी आतनं की बाहेरनं? कारभाऱ्यानं क्षणभर विचार केला, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाहेरून, तो म्हणाला, तुमच्याच काळजीपोटी. आणि दिवसभर काम काय? कारभारी प्रेमानं हसला.

"आता कसलं काम आजी? आता आराम करायचा."

निघताना कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं द्वारकाबाईचा पदर हळूच ओढला. इंदापूरकडची होती. हलक्या आवाजात तिनं विचारलं, "बाई, तुमच्या शिदोरीत ठेचा असंल का?" तिथलं जेवण चांगलं होतं, दूधही मिळायचं, पण दोन वर्षांत तिखट असं तोंडाला लागलं नव्हतं. द्वारकाबाईनं भाकरीवरचा सगळा ठेचा तिच्या तळहातावर ठेवला. म्हातारीनं तो पदराआड लपवला, चोरीचा माल लपवावा तसा.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या पुलापाशी कौसल्येनं तोंड उघडलं.

"समदं नीट व्हतं की तितं, आत्याबाई."

"व्हय. नीटच व्हतं."

"मग तितं नको, आन आपल्या घरातबी नको. माझं काय चुकतंय तेवढं सांगा मला." बिचारी तीन वर्षं हाच प्रश्न गिळून बसली होती.

द्वारकाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. सुनेच्या कानामागं एक पांढरा केस आलेला तिला पहिल्यांदाच दिसला.

"तुझं काय चुकत न्हाय, पोरी. तुज्यावानी मीबी चांगली सून व्हते. ह्यांच्या आईच्या हातातनं मीच कळशी काढून घेतली. म्हनलं, बसा आता, लई राबलात. ती बसली. दोन वर्सांत पार बसली, मग तिला धरून उठवायची येळ आली. मरताना मला म्हनली, द्वारके, तू लई माया केलीस, पर मला माझी भाकरी थापू दिली असतीस तर अजून जगले असते." द्वारकाबाई थांबली. "हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. तुला सांगितलं."

कौसल्येनं नुसता सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगवी येईपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर कुंडलिकनं विचारलं, तेव्हा द्वारकाबाईनं एका वाक्यात निकाल दिला. जिथं कडी बाहेरनं असते तिथं गुरं राहतात. कुंडलिक चिडला. त्यानं सांगितलं की गुऱ्हाळाचा विचार डोक्यातून काढून टाक, चरकाला गिऱ्हाईक ठरलं आहे, परवा सकाळी माणसं लावून छप्पर उतरवणार आणि तिथं खताचं गोदाम बांधणार. रान माझ्या वाट्याचं, पडवी माझ्या वाट्याची. 'माझ्या वाट्याची' हे तो आईशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण शब्द गेला होता.

द्वारकाबाई त्या रात्री नीट झोपली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तिच्या जागी दुसरी कुणी असती तर रडली असती.

तिला कुंडलिकची एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गावच्या कुठल्याही सभेत, लग्नाच्या पंगतीत, कारखान्याच्या बैठकीत कुंडलिक उभा राहिला की एक कथा सांगायचा. बेचाळीस साली दोन भूमिगत माणसं रावजींच्या गुऱ्हाळात लपली होती. फौजदार शिपाई घेऊन आला. रावजी त्याला म्हणाले, साहेब, आमच्याकडं रीत आहे, चुलवाण पेटलेलं असताना गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला उठवायचं नाही, मग तो चोर असो नाहीतर राजा. बसा, रस घ्या, चुलवाण विझलं की काय ते करा. आणि रावजींनी पाच दिवस चुलवाण विझू दिलं नाही. फौजदार दोन दिवस गरम गूळ खाऊन पोट बिघडवून परत गेला. खरं तर त्याला उसात शिरायची भीती वाटत होती, पण ते कुंडलिक सांगायचा नाही. "असा माझा बाप व्हता," असं म्हणून तो खाली बसायचा आणि टाळ्या पडायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक चार माणसं, पहारी आणि रिकामी गाडी घेऊन मळ्याकडे निघाला, तर ओढ्यापासूनच त्याला धूर दिसला. जवळ गेला तशी चरकाची करकर ऐकू आली. तोडणीवाल्यांनी सोडून दिलेला बांधाकडेचा ऊस चरकात जात होता. तो पहाटेच कुणीतरी तोडून, मोळ्या बांधून टाकला होता, आणि मोळ्यांची बांधणी कौसल्येच्या हातची होती. नवरा बायकोच्या गाठी ओळखतो. चरकाला फिरणारे बैल अप्पांचे होते. अप्पा स्वतः बाजूला घोंगडीवर बसून रस पीत होते आणि कुंडलिकची नजर चुकवत होते. भामाबाई चुलवाणात चिपाडं सारत होती. सकाळच्या गार वाऱ्यात रसाचा वास गावभर गेला होता, आणि गरम गुळाचा वास आल्यावर घरात बसेल असा माणूस सांगवीत तरी जन्मला नव्हता. निम्मं गाव वाट्या घेऊन जमलं होतं.

द्वारकाबाई काहिलीशेजारी कमरेला पदर खोचून उभी होती, हातात मळी काढायचा झारा.

"हे काय चालवलंयस आई?" कुंडलिकनं विचारलं.

"गूळ," ती म्हणाली. "ये, बस. रस घे. तुज्या माणसांस्नीबी दे."

"मला छप्पर उतरवायचंय."

"उतरीव की. चुलवाण इझलं की उतरीव." तिनं झारा झटकला आणि जमलेल्या लोकांकडे वळून सहज म्हणाली, "कुंडलिक, त्या फौजदाराची गोष्ट सांग की रं ह्यांस्नी. तू लई झ्याक सांगतोस."

लोकांत खसखस पिकली. कुंडलिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती कथा त्यानं शंभर वेळा सांगितली होती आणि तिच्यात तो नेहमी रावजींच्या बाजूला उभा असायचा. आज पहार धरून उभा असलेला फौजदार तोच होता, हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता.

तो पुढं आला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलला. "चेष्टा करू नगंस आई. मला खरंच सांग. माझ्या घरात तुला परकं वाटतंय का?"

झारा तिच्या हातात थांबला. इतक्या दिवसांत त्यानं विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. तिला त्याच्या डोळ्यांत कारखाना दिसला नाही, संचालक दिसला नाही. दहा वर्षांचा असताना चुलवाणात पडता पडता वाचलेला तिचा पोरगा दिसला, आणि तिचा जीव कळवळला. पण ती मागं सरली नाही.

"न्हाय रं. परकं न्हाय वाटत. पर तुज्या घरात मी कुंडलिकची आई हाय. हितं मी द्वारका हाय. हातपाय चालत्यात तवर मला माझ्या चुलीवर जेवायचंय, माझ्या बरोबरीच्या माणसांत उठायचं-बसायचं हाय. त्यात तुजी मान खाली जायाची काय गोष्ट हाय? लोकांस्नी सांग, माझी आई अजून कुणाच्या पाळीला आली न्हाय. छाती काढून सांग."

कुंडलिक काहीतरी बोलणार होता. पण त्याच वेळी झुंबर ओरडला, "बाई, फेस बसाया लागला बगा!"

झुंबरला दिसत कमी होतं, पण रसाचा आवाज बदललेला त्याला बरोबर कळायचा. द्वारकाबाईनं पळीनं चार थेंब गार पाण्याच्या परातीत सोडले, बोटांनी वळले. गोळी झाली. तिनं ती परातीच्या काठावर आपटली, टण्ण वाजली. आता काहील खाली आली पाहिजे, आत्ताच्या आत्ता, नाहीतर गूळ करपणार. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की हिशेबात एक गोष्ट राहून गेली आहे. चाळीस वर्षं काहील उतरवायला पाच-सहा तगडे गडी असायचे. ते असायचेच, म्हणून त्यांचा कधी विचारच करावा लागला नव्हता. आज तिच्याजवळ होते अधू डोळ्यांचा झुंबर, गुडघे धरलेली भामाबाई आणि रसानं पोट भरलेले अप्पा.

मदत मागितली असती तर मिळाली असती, पण ती मागणार नव्हती. गूळ करपला तरी चालेल, असं तिनं मनाशी ठरवलंही. रस कडेनं तांबडा व्हायला लागला.

कुंडलिकनं हातातली पहार फेकून दिली.

"काय बगताय रं?" तो आपल्या माणसांवर गरजला. "दांडे घाला! गूळ करपतोय!" त्यानं स्वतः पुढचा दांडा खांद्यावर घेतला. जे पाय छप्पर उतरवायला आले होते ते काहिलीभोवती रोवले गेले. काहील उचलली, हेलकावा न देता गूळ निववायच्या वाफ्यापाशी नेली आणि ओतली. सोन्यासारखा पिवळाधमक गूळ वाफ्यात पसरला. संचालक व्हायला निघालेला माणूस घामानं निथळत, कोपरापर्यंत चिकट होऊन उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. हा गुळाचा गुण असेल, किंवा बापाच्या हाताखाली शिकलेल्या हातांचा.

द्वारकाबाईनं पहिला घास घरच्या रीतीप्रमाणं थोरल्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो फुंकून खाल्ला.

"आबाच्या येळचाच हाय," तो बापाच्या आठवणीनं म्हणाला.

"माझ्या हातचा हाय," द्वारकाबाई म्हणाली. "आबाच्या येळंला बी माझ्याच हातचा व्हता." आणि मग जरा मऊ होऊन, "काहील उचलाया आता आमच्यानं व्हायचं न्हाय. लागलं तर हाक मारीन. हाक मारली की ये."

त्यावर कुंडलिक हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो माणसं आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला. पहार तिथंच विसरली होती.

दुपार कलली तशी गर्दी पांगली. द्वारकाबाईनं चुलवाणातले निखारे खापरात घेतले आणि मागच्या खोल्यांतल्या तीन नव्या चुलींत घातले. एक तिची, एक भामाबाईची, एक झुंबरची. प्रत्येकानं आपली भाकरी आपण थापली. झुंबरची नकाशासारखी वेडीवाकडी झाली, पण त्यानं ती कुणाला बदलू दिली नाही. अप्पा बैल सोडून न्यायला म्हणून आले आणि उगीच घुटमळत राहिले. चौथ्या खोलीचं दार लोटून त्यांनी आत डोकावलं, भिंतीवर हात फिरवला.

"वैनी, ह्या खोलीचं दार उगवतीकडं हाय, न्हाय का?" त्यांनी विचारलं. "न्हाय, आपलं इचारलं."

"हाय उगवतीकडं," ती म्हणाली. "आतनं कडीबी हाय. पर ऱ्हायला येणारानं आपली भाकरी आपण करायची, भावजी." पाळीच्या चिठ्ठ्या टाकणारे अप्पा स्वतः थोरल्या लेकाकडं कितव्या महिन्यात असतात आणि धाकट्याकडं कितव्या, हे तिनं विचारलं नाही. तेवढी माणुसकी तिच्याजवळ होती.

सकाळ झाली तेव्हा चुलवाणात राख होती. द्वारकाबाईनं ती हातानं चाचपून पाहिली, पार गार झालेली. आता रीत संपली होती. आता कुंडलिक आला तर त्याला अडवायला काही नव्हतं, आणि पुन्हा पेटवायला उसाचं एक टिपरूही उरलं नव्हतं. तिनं आपल्या चुलीत दोन काटक्या सारल्या, तवा ठेवला आणि दाराकडे पाठ करून भाकरी थापायला घेतली. बाहेर पाचट वाजलं. ती पावलं तिला ओळखू आली. दारामागं टेकवलेल्या त्याच्या पहारीकडे तिची नजर गेली, आणि हातातली भाकरी जराशी जाड झाली.

कुंडलिक जन्मात कुठल्या दारात थांबलेला माणूस नव्हता. चावडीत, कारखान्याच्या कचेरीत, भावकीच्या घरात तो बोलत बोलतच शिरायचा. आज पावलं दारापाशी थांबली. मग खाकरल्याचा आवाज आला.

"घरात कोन हाय का?"

द्वारकाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. परक्या घरापुढं माणूस थांबतो तेवढा वेळ तिनं त्याला थांबू दिलं, कारण तो वेळ तिनं कमावला होता.

"हाय की. कोन हाय?"

"मी कुंडलिक." तो उंबऱ्याबाहेरच उभा होता, हातात एक फुटकं खापर. "कौसल्येनं धाडलंय. आमची काड्याची पेटी सादळली. जरा इस्तू मिळंल का म्हनली."

माघ सरत आला होता, हवेत पाण्याचा थेंब नव्हता, आणि तो बोलताना त्याच्या कोपरीच्या खिशात काड्याची पेटी खुळखुळली. ती दोघांनीही ऐकली. विस्तव शेजारच्या घरी मागतात, आपल्याच घरात कुणी मागत नाही, हे सांगवीत लहान पोरालाही ठाऊक होतं.

द्वारकाबाईनं चिमट्यानं चुलीतले निखारे वरखाली केले, त्यातला सगळ्यात मोठा, लालभडक निवडला आणि त्याच्या खापरात घातला. वर राखेची चिमूट भुरभुरली, वाटेत विझू नये म्हणून.

"जपून ने," ती म्हणाली. "आन सांग तुझ्या बायकूला, लागलं तर परत मागून ने. शेजारच हाय."